काचघरासाठी सात ब्रश

शिक्केसाहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या बुडाशी, एक कायमचा घट्टा पडलेला होता. नोंदणी कार्यालयात तेहतीस वर्षं कागदांवर शिक्के मारले, त्याची ती पावती. नावही तिथेच पडलं आणि इतकं चिकटलं की धाकटी बहीणसुद्धा चेष्टेत त्यांना शिक्केसाहेबच म्हणायची. माणूस सरळ, नाकासमोर चालणारा. जगात कामं दोनच प्रकारची, डोक्याची आणि हातांची, असं त्यांचं ठाम मत होतं. स्वतःचं काम ते पहिल्या प्रकारात धरत.

त्यांची बायको काचा धुवायची. सव्वीस वर्षं. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, उंच कचेऱ्यांच्या. पहारेकरी तिला काचबाई म्हणत, आणि ज्या इमारतीत ती एकदा जाऊन आली तिथून पुन्हा बोलावणं आलं नाही असं सहसा होत नसे. शिक्केसाहेबांना हे सगळं ठाऊक होतं, पण शेजारच्या घरी बाळ रडतंय हे जसं ठाऊक असतं, तसं. सकाळी दोघं एकाच जिन्यानं उतरायची, फाटकापाशी एक डावीकडे वळायचं आणि एक उजवीकडे. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

घरच्या गॅलरीत तिचे ब्रश टांगलेले असत, केसांची बाजू खाली करून, ओळीनं. शिक्केसाहेबांच्या लेखी सगळे सारखेच. एकदा, लग्नाला दहाएक वर्षं झाली असतील, त्यांनी त्यातलाच एक घेऊन बुटांचा चिखल खरवडला आणि जागच्या जागी ठेवून दिला. बायको चार दिवस बोलली नाही. त्यांना वाटलं, माहेरची काहीतरी आठवण आली असेल.

काचबाईची जोडीदार म्हणजे शिक्केसाहेबांची धाकटी बहीण. नणंद-भावजय एकत्र काम करतात आणि वर एकाच डब्यात जेवतात, याचं गल्लीत सगळ्यांना नवल वाटे. त्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, आणि नेमकं त्याच महिन्यात सार्वजनिक बागेतल्या काचघराचं काम आलं. पाइप धरायला, पाणी चालू-बंद करायला, दांड्याचे जोड लावून द्यायला एक माणूस हवाच होता. बहिणीनं भावाला पलंगाशी बोलावून घेतलं. म्हणाली, तू असाही घरात बसून वर्तमानपत्राच्या घड्या घालतोयस, वहिनीबरोबर जा. आणि मग, पायाखालची उशी सरळ करत, तिनं खरी गोष्ट सांगितली.

"पण दादा, तिथं तोंड बंद ठेव. ती ब्रश हातात घेऊन उभी राहिली ना, की तिच्याशी बोलायचं नाही. मी कधी बोलत नाही."

शिक्केसाहेब मनात हसले. ब्रश हातात घेऊन माणूस उभं कशाला राहील? ब्रश घ्यायचा आणि घासायचं.

काचघर म्हणजे बागेच्या मधोमध उभी असलेली तीन मजली उंचीची काचेची इमारत. आत परदेशी झाडं, वर मोठा घुमट, लोखंडी फासळ्यांमध्ये बसवलेल्या हजारभर काचा. जुनं बांधकाम. जवळ गेल्यावर कळत होतं की काचा हिरवट पडल्या आहेत, सांध्यांमध्ये शेवाळ बसलंय, घुमटावर तर पांढऱ्या राखाडी कसल्याशा थरानं काच की पत्रा हेही समजत नव्हतं. आतला दिवस बाहेरच्या दिवसापेक्षा तासभर मागे असावा, तसा उजेड.

बागेचे अधिकारी वाट पाहत होते. हातात फाइल, बोलणं झटपट. त्यांनी सांगितलं की तीन वर्षांपूर्वी आधीच्या कंत्राटदारानं दक्षिणेची पूर्ण बाजू एका दिवसात चकाचक करून दिली होती. चांगले कडक ब्रश होते त्याच्याकडे, तारेसारखे. तसेच वापरा, आठवड्यात काम संपवा. शिक्केसाहेबांनी मान डोलावली. त्यांना अधिकारी माणूस पटला. घाण घट्ट असेल तर ब्रश कडक हवा, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

काचबाई दक्षिणेच्या बाजूला गेली. एका तावदानावर तिनं नखानं टिचकी मारली, मग शेजारच्यावर, मग त्याच्या शेजारच्यावर. ओंजळभर पाणी उडवलं आणि ते कसं ओघळतंय ते बघत राहिली. मग तिनं गाल तावदानाला जवळजवळ टेकवला आणि एक डोळा मिटून काचेच्या अंगानं लांबवर पाहिलं, सुतार फळीची धार बघतो तसं. सकाळचं ऊन तिरपं होतं.

"साहेब, जरा इथून बघा," ती म्हणाली.

अधिकाऱ्यांनी फाइल काखेत मारून गाल टेकवला. बराच वेळ ते सरळ झाले नाहीत. मग शिक्केसाहेबांनीही पाहिलं. समोरून जे तावदान साधं धुरकट दिसत होतं, त्याच्या अंगावर हजारो बारीक रेघा होत्या. गोल गोल, एकात एक गुंतलेल्या, केसांच्या गुंत्यासारख्या. ऊन त्या प्रत्येक रेघेत अडकत होतं. धुरकटपणा घाणीचा नव्हताच. तो धुण्याचा होता.

काचबाईनं समजावून सांगितलं, तेही हळू आवाजात, कुणाला कमीपणा येऊ नये अशा बेतानं. या बाजूच्या निम्म्या काचा काचा नाहीतच. गारांच्या माऱ्यात फुटल्या असतील, तेव्हा कुणीतरी त्या जागी प्लास्टिकची पारदर्शक पानं बसवलीत. टिचकीला आवाज बद्द येतो. प्लास्टिक मऊ. त्यावर तारेसारखा ब्रश फिरवला, म्हणजे मऊ लागलं म्हणून कोपरानं खणल्यासारखं झालं. खऱ्या काचेला ब्रशाचा केस सहसा ओरखडा काढत नाही, पण केसाखाली अडकलेला वाळूचा कण काढतो, आणि केस जितका कडक तितका तो कण जोरात दाबला जातो.

"रेघा आता जातील का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाही. त्या राहणार. बाकीच्या काचांवर मात्र येऊ द्यायच्या नाहीत."

अधिकारी जरा वेळ फाइलीच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, तुम्हाला लागतील तितके दिवस घ्या. तेहतीस वर्षांत शिक्केसाहेबांनी कुठल्याही अधिकाऱ्याला इतक्या लवकर आणि इतक्या सरळ माघार घेताना पाहिलं नव्हतं. आणि ते झालं होतं एका बाईनं काचेला गाल टेकवल्यामुळे.

मग काचबाईनं गवतावर जाड कापड पसरलं आणि सात ब्रश मांडले. घरच्या गॅलरीतलेच. शिक्केसाहेब ते आज पहिल्यांदाच बघत होते म्हणायला हरकत नाही. एकाचे केस घोड्याचे होते, पिवळसर, लोळणारे. एकाचे डुकराचे, राठ. बाकीचे नायलॉनचे, पण त्यांतही कुणाचा केस टोकाशी चिरलेला, पिसासारखा फुललेला, तर कुणाचा शेवटपर्यंत एकसंध आणि ताठ. दोन ब्रश त्यांना अगदी सारखे वाटले. त्यांनी तसं म्हटलं आणि लगेच बहिणीची ताकीद आठवून ओठ मिटले.

काचबाईला राग आला नाही. तिनं त्यांचा हात घेतला, मनगटाची आतली बाजू वर केली आणि एक ब्रश त्यावरून फिरवला. मग दुसरा. पहिल्यानं गुदगुल्या झाल्या. दुसऱ्यानं काहीतरी मोजल्यासारखं वाटलं. तेवढाच फरक, पण तो होता.

"आता ओले करून," ती म्हणाली. दोन्ही ब्रश बादलीत बुडवले आणि पुन्हा मनगटावरून नेले. आता उलट झालं. जो मऊ होता तो तसाच राहिला आणि जो राठ होता तो त्याच्याहून मऊ झाला. "कोरडा ब्रश खोटं बोलतो. जनावराचा केस पाणी पितो आणि नरम पडतो. नायलॉन पीत नाही, पण त्याला थंडी लागते. सकाळी जो ब्रश कडक असतो तो दुपारी नसतो."

म्हणून ती एका टोपलीत कोमट पाण्याची बादली बाळगत होती, चारी बाजूंनी जुनं घोंगडं कोंबून. शिक्केसाहेबांना वाटायचं, ते पाणी तिला हात शेकायला लागतं.

हे सगळं ती शिकली कुठं, असं त्यांनी त्या दिवशी डबा खाताना विचारलं. तीस वर्षांच्या संसारात विचारलं नव्हतं. काचबाईनं सांगितलं, लग्नाआधी चार वर्षं ती ब्रश बनवण्याच्या कारखान्यात होती. हे त्यांना माहीत होतं. तिथं ती काय करायची, ते नव्हतं माहीत. एका लांब टेबलावर केसांचे ढीग यायचे आणि दहा-बारा मुली ते निवडायच्या. लांबीनं नाही, रंगानं नाही, ताठपणानं. डोळे मिटून, चिमटीत धरून, खालच्या ओठावर टोक टेकवून. ताठपणाच्या नऊ प्रती असायच्या. पहिल्या वर्षी तिला पाच कळायच्या. चौथ्या वर्षी मुकादमबाई तिच्यासमोर ढीग ठेवून चहाला निघून जायची. हे सांगताना ती पोळीचा तुकडा मोडत होती, जणू काही पावसाळी बुटांबद्दल बोलत असावी.

त्यावरून शिक्केसाहेबांना तो बुटांचा चिखल आठवला. त्यांनी घास खाली ठेवला आणि विचारलं की तो बुटांचा ब्रश कोणता होता.

"घोड्याचा," काचबाई म्हणाली. "मुकादमबाईनं निरोपाला दिलेला. तो मी टाकून दिला, चिखलातली वाळू मुळाशी गेली होती." आणि मग, त्यांचा चेहरा पाहून, "जेवा आता. वीस वर्षं झाली त्याला."

दुपारी काम सुरू झालं. आधी नुसतं पाणी. ती काचा भिजवायची आणि थांबायची, पुन्हा भिजवायची आणि थांबायची. घाणीला सुटायला वेळ दिला तर कडक ब्रशाचं निम्मं काम पाणीच करतं, असा तिचा हिशेब. खालच्या जुन्या काचांना तिनं फुललेल्या टोकांचा ब्रश लावला, कारण तो पाणी धरून ठेवतो आणि वाळू वाहून नेतो. प्लास्टिकला फक्त घोड्याचा केस, तोही दांड्याच्या वजनानं, हाताचा दाब न देता. लोखंडी फासळ्यांच्या खाचांतल्या शेवाळाला मात्र तिनं दातओठ खाऊन तो डुकराचा राठ ब्रश फिरवला, आणि शिक्केसाहेबांना एकदम हलकं वाटलं. म्हणजे कडक ब्रशाचीही एक जागा होती. काचेपासून बोटभर अंतरावर होती, एवढंच.

तिसऱ्या दिवशी घुमट. दांड्याला जोड लावत लावत तो इतका लांब झाला की वरचं टोक वाऱ्यात डुलू लागलं. शिक्केसाहेबांनी शहाणपणानं सर्वांत मऊ ब्रश पुढे केला. दोन दिवसांत आपण बरंच शिकलो असं त्यांना वाटत होतं. काचबाईनं मान हलवली आणि मधल्या ताठपणाचा मागितला. का, ते सांगण्याऐवजी तिनं आधी त्यांचाच मऊ ब्रश लावला, वर नेला आणि म्हणाली, "इकडे या. दांड्याला हात लावा. माझ्या हाताच्या वर. दाबू नका."

त्यांनी हात लावला. काहीच कळलं नाही. नळाचा पाइप थरथरतो तशी एक बारीक थरथर, बस.

"हे ऐका. हा झोपलाय. लांब दांडा वाकतो, त्यामुळे केस टेकत नाहीत, आडवे पडतात. पोट घासतंय, टोक नाही." मग तिनं दांडा उतरवला, मधला ब्रश लावला, पुन्हा वर नेला. "आता ऐका."

शिक्केसाहेबांनी डोळे मिटले. आणि तळव्यातल्या त्या घट्ट्याच्या शेजारी, जिथं कातडी अजून पातळ होती, त्यांना ते आलं. चाळीस फुटांवर, त्यांना दिसतही नव्हती अशा काचेवर, हजारो टोकं एकाच वेळी चालत होती. पावलं वाजावीत तशी. मधेच एका ठिकाणी ती अडखळली, आणि काचबाईचं मनगट ते अडखळणं संपायच्या आत किंचित वळलं, दाब कमी झाला, पाणी त्या जागी जास्त वेळ थांबलं, मग टोकं पुन्हा चालू लागली. तिनं वर पाहिलं नव्हतं. ती समोरच्या झुडपाकडे बघत होती.

"काय होतं तिथं?" त्यांनी कुजबुजून विचारलं.

"पक्ष्याची घाण, वाळलेली. मुरू दे. परतीच्या फेरीत निघेल."

परतीच्या फेरीत ती निघाली.

शिक्केसाहेब हात काढायला विसरले. त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती: हे सव्वीस वर्षं चालू आहे. ते कार्यालयात जांभया देत शाई वाळायची वाट बघत असताना, या शहरात कुठल्या ना कुठल्या काचेखाली ही बाई डोळे दुसरीकडे लावून चाळीस फुटांवरचा वाळूचा कण हातानं ऐकत होती. आणि संध्याकाळी घरी येऊन विचारत होती, भाजी कुठली करू.

दुपारी ऊन चढलं, तिनं ब्रश बदलायला दांडा उतरवला. शिक्केसाहेब कापडाजवळ उभे होते.

"आता कुठला देऊ तुम्हाला?" ते म्हणाले.

तोंडातून निघून गेलं खरं. काचबाईनं वळून पाहिलं. तीस वर्षांत त्यांनी तिला अगं-तुगं सोडून काही म्हटलेलं नव्हतं, आणि आता हा 'तुम्हाला' दोघांच्या मधे गवतावर येऊन उभा राहिला होता. ती हसायला लागली. इतकी हसली की दांडा तिला खाली ठेवावा लागला. शिक्केसाहेब कानापर्यंत लाल झाले, पण शब्द मागे घ्यावासा त्यांना वाटेना.

"हिरव्या मुठीचा द्या, साहेब," ती डोळे पुसत म्हणाली.

काम अकरा दिवस चाललं. शेवटच्या सकाळी अधिकारी आत उभे राहून वर बघत होते आणि त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं की वरच्या काचा काढल्यात का. ढग जाताना दिसत होता, त्याची कड दिसत होती. बागेचा हेडमाळी, वयानं सत्तरीकडे झुकलेला, कमी बोलणारा माणूस, टोपी हातात घेऊन नुसता फिरत होता. फरशीवर फासळ्यांच्या सावल्या पडल्या होत्या. म्हणाला, या सावल्या मी नोकरीला लागलो तेव्हा पाहिल्या होत्या.

बहिणीचा गुडघा बरा झाला, ती कामावर परतली. शिक्केसाहेबांनी मात्र घरी बसायला साफ नकार दिला. तिघांत मग वाटणी झाली: पाइप आणि बादल्या त्यांच्या, चौकटी बहिणीच्या, काचा काचबाईच्या. दादा तोंड बंद ठेवतो का, असं बहिणीनं विचारलं, तेव्हा काचबाई म्हणाली, फार. कधीकधी काळजी वाटते.

दीड-दोन महिन्यांनी हेडमाळ्याचा निरोप आला. काम नाही, पण जमलं तर येऊन जा, दोघंही. तक्रार असणार असं शिक्केसाहेबांनी धरलं आणि रस्ताभर उत्तरं जुळवत राहिले. हेडमाळ्यानं त्यांना काचघराच्या थेट आतल्या टोकाला नेलं. तिथं एक झाड होतं, दोन पुरुष लांबीचं, मोठ्या पंख्यासारख्या पानांचं. काम बाहेरूनच असल्यामुळे त्यांनी ते कधी जवळून पाहिलंच नव्हतं. झाडाचं खोड जमिनीतून सरळ आलं होतं आणि कमरेच्या उंचीपासून वाकलं होतं, दाराच्या दिशेनं, जवळजवळ आडवं. त्याला लाकडी टेकू दिलेला होता.

हेडमाळ्यानं सांगितलं की वर काळोख झाला तसं हे झाड दाराकडे निघालं. दार दिवसभर उघडं असतं, उजेड तेवढाच. सतरा वर्षं ते उजेडाकडे चालतंय. पाहुणे विचारायचे, ही जात अशीच वाकडी असते का. तो हो म्हणायचा, कुठं सांगत बसणार.

मग त्यानं काठीनं शेंड्याकडे दाखवलं. आडव्या खोडाच्या टोकाला, जुन्या पानांच्या मधून, एक नवा कोंब आला होता. फिकट हिरवा, अजून गुंडाळलेला, हातभर लांबीचा. तो दाराकडे वळलेला नव्हता. तो सरळ वर गेला होता, घुमटाकडे, ओळंबा सोडावा इतका सरळ.

"खोड आता सुधारायचं नाही," हेडमाळी म्हणाला. "पण त्याला कळलंय."

काचबाई पुढे गेली. तिनं हात वर केला आणि मधेच थांबवला. विचारलं, हात लावला तर चालेल का. हेडमाळ्यानं होकार दिला. तिनं बोटाच्या पाठीनं, अगदी हलक्यानं, त्या कोंबाला स्पर्श केला. सव्वीस वर्षं लोकांनी तिला म्हटलं होतं, छान, आता बाहेरचं दिसतं. आतल्या कुणाचा वरचा उजेड आपण सतरा वर्षांनी सोडला असेल, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

शिक्केसाहेब दोन पावलं मागे उभे होते. कोंबाकडे बघावं की बायकोकडे, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. हेडमाळ्यानं एक बाकडं ओढून आणलं आणि स्वतः कामाला निघून गेला. दोघं तिथं बसली, बाग बंद व्हायची घंटा होईपर्यंत. मधे एकदाच काचबाई बोलली. वरच्या तिसऱ्या तावदानाच्या कोपऱ्यात थोडं शेवाळ राहिलंय म्हणाली, आणि शिक्केसाहेबांना, कितीही डोळे ताणले तरी, ते दिसलं नाही.